पूर्वजांचा माग

बहुतेक मराठी घरांत पूर्वजांची माहिती पणजोबांपाशी येऊन थांबते. आजोबांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. पणजोबांचे नाव वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी सांगते आणि खापरपणजोबांचा विषय निघाला की एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे सुरू होते. जिथे श्राद्धपक्ष रीतसर होतो, त्या घरांत पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे संकल्पात उच्चारली जातात, त्यामुळे तेवढी तरी टिकतात. त्यापलीकडचे लोक विस्मरणात गेलेले असतात, पण ते कागदावरूनही पुसले गेले आहेत असे सहसा नसते.

पूर्वीच्या काळी आठवण राहावी म्हणून सामान्य माणसाचे नाव कोणी लिहून ठेवत नसे. नाव कागदावर यायला काही तरी निमित्त लागे. शेतसारा भरला, वतनाचा तंटा पाटलापुढे गेला, तीर्थाला जाऊन पिंडदान केले, मूल शाळेत घातले, मयताची वर्दी दिली, की नाव लिहिले जाई. म्हणून वंशावळीचा शोध घेणाऱ्याने आधी विचारायचे ते असे, की या घराण्याचे देणेघेणे कोणाकोणाशी होते? जमीन होती का, कोणत्या गावात? वतन होते का? कुलदैवत कोणते, आणि घरची माणसे कोणत्या क्षेत्राला जात? याची उत्तरे मिळाली की कोणत्या दप्तरात शोधायचे ते आपोआप ठरते.

शोधाची सुरुवात मात्र घरातूनच करावी लागते. ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या जन्मपत्रिका, जुन्या लग्नपत्रिका, खरेदीखते, पोस्टकार्डे, फोटोच्या पाठीमागचा मजकूर यांतून तारखा आणि गावे मिळतात. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे कोरण्याची आपल्याकडे रीत आहे. लग्नात आहेर आलेल्या परातीवर देणाऱ्याचे नाव आणि कधी कधी तारीखही असते, आणि त्यावरून आत्याच्या सासरचा किंवा मामाच्या घरचा पत्ता लागतो. वयस्कर माणसांशी बोलताना एक अडचण हमखास येते. त्यांच्या आठवणीत तात्या, अण्णा, दादा, बाबा असतात, आणि कागदावर यांतले कोणीच नसते. म्हणून प्रत्येक ‘तात्यां’चे पाळण्यातले नाव, निदान त्यांच्या मुलांच्या नावापुढे लागणारे नाव, त्याच बैठकीत विचारून घ्यावे. भावकीतल्या इतर घरांनाही गाठावे. थोरल्या घरात नसलेला कागद धाकट्या पातीकडे निघतो, हा अनुभव नेहमीचा आहे.

मराठी नाव सांगण्याची पद्धत या कामी फार उपयोगी पडते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या रचनेत प्रत्येक माणूस मागची एक पिढी बरोबर घेऊन वावरतो. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बाळाजी, बाळाजी बाजीराव ही पेशव्यांची तीन नावे ओळीने लिहिली तरी चार पिढ्यांची साखळी जुळते. पण याच उदाहरणात धोकाही दिसतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते, आणि ‘बाळाजी’ एवढाच उल्लेख सापडला तर तो आजोबांचा की नातवाचा हे तारखेशिवाय ठरत नाही. सामान्य घराण्यांत राघो, आपा, राघो, आपा अशी माळ पाच-सहा पिढ्या चालते आणि घाईत असलेला वंशावळकार मधल्या दोन पिढ्या गाळून मोकळा होतो. एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षे धरून हिशेब घालून पाहिला, तर असे गळलेले किंवा फुगवलेले दुवे बहुधा उघडे पडतात.

आडनावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. आज जे आडनाव आहे ते दोनशे वर्षांपूर्वी होतेच असे नाही. पेशव्यांचे मूळ आडनाव भट, गाव श्रीवर्धन. पद मिळाले आणि पदाचेच आडनाव झाले. नाना फडणवीस हे मूळचे भानू. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, इनामदार ही सगळी हुद्द्यांची नावे आहेत. त्यामुळे दोन कुलकर्णी घराण्यांत काडीचेही नाते नसू शकते, आणि एकाच कुळातल्या दोन शाखा वेगवेगळ्या आडनावांनी नांदताना सापडतात. गावावरून पडलेली ‘कर’ची आडनावे निराळी गोष्ट सांगतात. माणूस गाव सोडतो तेव्हा त्याला त्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. होळ गावचे म्हणून होळकर. अशा आडनावातले गाव हा शोधाचा चांगला धागा असतो, मात्र त्याच नावाची गावे दोन-चार तालुक्यांत असली तर कुलदैवत पाहून निवड करावी लागते.

कुलदैवत हा तर आडनावापेक्षा भरवशाचा पुरावा आहे, कारण घर बदलले, धंदा बदलला, आडनाव बदलले तरी कुळाचार सहसा बदलत नाही. गोव्यातून बाहेर पडलेल्या घराण्यांना याचा विशेष उपयोग होतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेण्यात आली. भक्त मंडळी दक्षिणेला कारवार-मंगळूरपर्यंत आणि उत्तरेला रत्नागिरीपर्यंत पांगली, पण देवाशी नाते राहिले. या देवस्थानांच्या महाजनांत कोणती घराणी मोडतात हे ठरलेले असते, आणि त्यावरून मूळ गाव काढता येते.

आता घराबाहेरच्या नोंदींकडे वळू. त्यांत सर्वांत जुनी आणि सामान्य माणसाच्या सर्वांत जवळची नोंद क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत असते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, आणि महाराष्ट्राबाहेर काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे यात्रेकरूंचे उपाध्याय पिढीजात ठरलेले असतात. त्यांची वाटणी गाव, प्रांत, जात, आडनाव यांप्रमाणे झालेली असते. नाशिकला गोदाकाठी उतरणाऱ्याला आजही पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा आणि मूळ गावाचा, आणि मग त्या घराण्याचे उपाध्ये कोण हे सांगितले जाते. वहीत आलेल्या माणसाचे नाव, वडील, आजोबा, चुलते, भाऊ, मुले अशी नामावळी लिहिली जाते, खाली तिथी आणि सही येते. पुढे त्याच घरातला दुसरा कोणी आला की मधल्या काळातले जन्म-मृत्यू त्यात भरले जातात. गयेला जाणे दुर्मीळ असे, पण तिथे सगळ्या पितरांचा उद्धार करायचा असल्याने गयावळांच्या वहीत नावांची मालिका लांब उतरते. आधी येऊन गेलेल्या पूर्वजाची स्वतःच्या हातची सही पाहायला मिळणे हा या वह्यांचा असा ठेवा आहे, की जो कोणत्याही सरकारी दप्तरात मिळत नाही.

यांतल्या काही वह्या उपाध्यांच्या भाऊबंदकीत वाटल्या गेल्या, काहींना पूर आणि वाळवी लागली. म्हणून एका उपाध्यांकडे नाव नाही म्हटले तर त्यांच्या चुलत घराण्याकडे चौकशी करावी. उत्तरेतल्या तीर्थक्षेत्रांच्या बऱ्याच वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने केले आहे आणि ते साहित्य ‘फॅमिलीसर्च’ या तिच्या सेवेतून विनामूल्य मिळते. मात्र वही मिळाली तरी ती वाचता येणे ही पुढची पायरी आहे.

दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागात, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात वंशावळ दाराशी चालत येते. हेळवी समाजाची माणसे सुगीनंतर बैल घेऊन गावोगाव फिरतात, ठरलेल्या घरांपुढे बसून त्या घराण्याची वंशावळ खड्या आवाजात वाचतात, नवी नावे भरून घेतात आणि धान्य, कापड किंवा भांडे घेऊन पुढच्या गावी जातात. त्यांचे यजमान मुख्यतः शेतकरी घराण्यांतले. त्यामुळे ज्यांच्याकडे पोथी-पत्रिकांची परंपरा नाही अशा कितीतरी कुळांचा दहा-दहा पिढ्यांचा पट हेळव्यांच्या चोपड्यांत आहे. त्यातल्या आरंभीच्या दोन-चार नावांकडे जरा सावधपणेच पाहावे, कारण कुळाचा मूळपुरुष कोण्या राजवंशाशी जोडण्याची हौस सर्वत्र सारखीच असते. मधली आणि अलीकडची नावे मात्र महसुली कागदांशी चांगली जुळतात.

महसुली कागद हा या शोधाचा कणा आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण वंशावळीच्या दृष्टीने त्याहून मोलाचा कागद म्हणजे फेरफार, गाव नमुना सहा. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद फेरफारात होते. अमुक तारखेस मयत, मागे विधवा पत्नी अमुक, मुलगे अमुक, मुली अमुक, त्यांची सासरची नावे आणि गावे, अशी माहिती एका परिच्छेदात मिळते. एका फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर असतो, त्या फेरफारात मागच्या फेरफाराचा संदर्भ असतो, आणि असे पायरी पायरीने मागे जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत फेरफारांची मालिका विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत जाते. त्याही आधीसाठी क-ड-ई पत्रक, आकारबंद, इनामपत्रक असे कागद तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत पाहावे लागतात. राज्याच्या अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. थोडे शुल्क भरून प्रती घरबसल्या मिळतात.

हे कागद वाचताना त्यांतल्या लघुरूपांची ओळख हवी. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर होता, म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची नव्हती आणि त्याचे भाऊ शोधायला हवेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेला आणि पोरांच्या वतीने आई किंवा चुलता पाहत होता. तीन अक्षरांत एका घराची दुर्दशा सांगणारी अशी टीप अनेक उताऱ्यांवर सापडते.

जमीन नसलेल्यांची नावे कोतवाल बुकात सापडतात. गाव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. गावचा कोतवाल ती वर्दी देई म्हणून तिला हे नाव पडले. तिच्यात तारीख, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण असे रकाने असतात. प्लेगच्या वर्षांत, विशेषतः १८९६ नंतर, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात एकाच पानावर एकाच घरातली तीन-चार नावे ओळीने दिसतात, आणि घराण्याची एखादी शाखा अचानक का संपली याचे उत्तर तिथेच मिळते. शाळेचे जनरल रजिस्टरही असेच उपयोगी आहे. त्यात मुलाचे, बापाचे नाव, जात, जन्मगाव असते. जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. जूनमध्ये शाळा उघडताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख टाकल्यामुळे महाराष्ट्रातल्या हजारो माणसांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. जनगणनेच्या नोंदींची आशा धरू नये. इंग्लंड-अमेरिकेत त्यांच्यावरच वंशावळी उभ्या राहतात, आपल्याकडे व्यक्तींची नावे असलेले तक्ते कायद्यानेच पाहण्यास खुले नाहीत.

गेल्या काही वर्षांत या सगळ्या दप्तरांना अचानक भाव आला, तो जातीच्या दाखल्यांमुळे. महाराष्ट्रात जातीचा दावा करताना पूर्वजांचा ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. शिवाय ज्याच्या नावाचा पुरावा आहे त्याच्याशी अर्जदाराचे नाते वंशावळीने दाखवावे लागते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यात कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे आणि जुने उतारे धुंडाळले गेले, आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. मराठवाड्याचे काम अधिक कठीण, कारण तो प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथले कागद उर्दूत, मोडीत आणि फसली सनात आहेत, आणि त्यांतले बरेच हैदराबादेत राहिले. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, या शोधामुळे धूळ खात पडलेली दप्तरे बाहेर आली हे मान्य करायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या मागे जायचे म्हणजे मोडीला पर्याय नाही. सरकारी आणि खासगी व्यवहाराचे बहुतेक मराठी लेखन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोडीत होत होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, शब्दांत अंतर सोडलेले नसते आणि कारकुनागणिक वळण बदलते. तरी मुळाक्षरे शिकायला फार काळ लागत नाही. सराव मात्र नेटाने करावा लागतो. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि अनेक संस्था मोडीचे वर्ग चालवतात. या संचालनालयाचे मूळ मुंबईतल्या १८२१ च्या दप्तरखान्यात आहे आणि त्याची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. पुण्याचे पुराभिलेखागार हा मराठी घराण्यांचा सर्वांत मोठा कागदसंग्रह. पेशवे दप्तरातले कागद तिथे कापडी रुमालांत बांधलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास त्यांतले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले, पण तो सबंध संग्रहाचा फार लहान भाग आहे आणि त्यात भर राजकारणावर आहे. सामान्य घराण्यांचे धागे जमाखर्च, इनाम आणि वतनांच्या रुमालांत लपलेले आहेत.

इनामदार-वतनदार घराण्यांच्या दृष्टीने इंग्रजांच्या इनाम कमिशनने नकळत मोठे काम करून ठेवले. १८५२ च्या कायद्याने या कमिशनला इनामांची छाननी करण्याचा अधिकार मिळाला. इनाम कोणी, कोणाला, कधी दिले आणि ते आज ज्याच्याकडे आहे तो मूळ इनामदाराचा कोण, हे प्रत्येकाला सिद्ध करावे लागले. त्यासाठी घराण्यांनी सनदा, पत्रे आणि वंशावळी सादर केल्या, कैफियती लिहून दिल्या. अनेकांची इनामे त्यात बुडाली, लोकांनी कमिशनला शिव्या घातल्या, पण वंशावळी दप्तरात राहिल्या. मूल नसलेल्या वतनदाराने दत्तक घेतला की त्याचीही चौकशी होई. त्या कागदांवरून रक्ताचा वंश कुठे संपला आणि दत्तकाने तो पुढे कसा गेला हे स्पष्ट होते. बहुतेक छापील कुलवृत्तांतांत हा फरक धूसर ठेवलेला असतो.

कागद वाचला तरी त्यावरची तारीख उकलायची राहते. शकाच्या वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपताची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची, म्हणजे १४ जानेवारी १७६१. दक्षिणेतल्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. सर्वांत गोंधळात टाकतो तो मराठी कागदांतला सुहूर सन, कारण तो आकड्यांत नव्हे तर अरबी संख्यावाचक शब्दांत, आणि एकं स्थानापासून उलटा लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की पानिपताचेच वर्ष निघते. हे दहा-वीस शब्द पाठ केले तर तारखांची अडचण बरीच दूर होते.

नावांच्या शेवटी लागणारे प्रत्ययही वाचता यायला हवेत. पंत, जी, शेट, बा यांवरून माणसाचा समाज आणि व्यवसाय यांचा अंदाज येतो. जुन्या कागदांत महार समाजातल्या पुरुषांची नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची अशी नावे कोरलेली आहेत. या समाजाच्या वंशावळीसाठी महारवतनाचे कागद हा मुख्य आधार आहे. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, तेव्हा वतनजमिनी कोणाकोणाच्या हिश्श्यात होत्या याच्या नोंदी झाल्या. पलटणीत गेलेल्यांचे सेवाकागद, पेन्शनचे कागद हा दुसरा आधार. भटक्या जमातींपाशी यांतले काहीही नसते. त्यांच्याकडे जातपंचायतीच्या आणि जत्रेच्या ठिकाणच्या आठवणी असतात, आणि त्या लिहून घेण्याचे काम फारसे कोणी केलेले नाही. कागदांचे जग सारखे वाटलेले नाही, हे वंशावळीच्या हौशी अभ्यासकांनी विसरू नये. ‘आमची वीस पिढ्यांची माहिती आहे’ यात कुळाच्या थोरवीपेक्षा वतनाच्या जमिनीचा वाटा जास्त असतो.

गोव्यात निराळी दप्तरे आहेत. पणजीच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ सालची, आणि त्याचा पहिला अधिकारी इतिहासकार दियोगो दो कौतो. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या आहेत. गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेच्या, कागदांत गावकरांच्या वांगडांची (कुळांची) आणि जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, घेणाऱ्या पुरुषांची नावे असतात. धर्मांतरानंतरही गावकारीतला हक्क टिकल्यामुळे हिंदू आणि ख्रिस्ती शाखांचा एकच मूळपुरुष या कागदांतून दिसू शकतो.

बाहेर गेलेल्या मराठी माणसांचाही माग लागतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडावर इतकी लांब वंशकथा मराठीत दुसरीकडे नाही. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिया मजूर गेले, त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. मोका येथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या आगमनाची दप्तरे आहेत: नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवले ते. तिथे बापाचे पहिले नावच पुढे आडनाव होऊन बसल्यामुळे मॉरिशसकरांना कोकणातली भावकी आडनावावरून सापडत नाही. गाव हाच दुवा उरतो. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली समाजाचे याच्या उलट आहे. पेणकर, किहीमकर, नागावकर ही त्यांची आडनावेच रायगडमधल्या मूळ गावांवर बोट ठेवतात.

अलीकडे थुंकीचा नमुना पाठवून डीएनए तपासणी करून घेण्याची चाल आली आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे आणि मायटोकाँड्रियातला डीएनए आईकडून मुलांकडे जातो, त्यामुळे या दोन सरळ रेषा खूप मागे नेता येतात. दूरचे चुलत भाऊ जुळवायलाही तपासणी कामाची आहे, पण त्यासाठी ते भाऊही त्याच कंपनीकडे गेलेले असावे लागतात. पणजोबांचे नाव किंवा गाव कोणतीही तपासणी सांगत नाही. टक्केवारीचे रंगीत नकाशे हौसेपुरते ठीक आहेत.

मिळालेली माहिती लिहिताना प्रत्येक नावापुढे ते कशावरून घेतले याची टीप असावी: फेरफाराचा क्रमांक, वहीचे पान, सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख. कागद आणि आठवण यांत विसंगती असेल तर दोन्ही लिहावीत. खोट्या वंशावळी हा आजचा रोग नाही. वतनाच्या तंट्यांत दोन्ही बाजूंनी बनावट कागद पुढे केल्याची प्रकरणे मराठी दप्तरांत आहेत. म्हणून एकाच कागदावर विसंबून पिढी जोडू नये.

गणिताने पाहिले तर दहा पिढ्या मागे प्रत्येकाला १,०२४ पूर्वज असायला हवेत. प्रत्यक्षात ते कमी असतात, कारण नात्यात लग्ने होतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्याच्या मुलांना आठाऐवजी सहाच पणजोबा-पणज्या असतात. परंपरेने लिहिलेली वंशावळ मात्र या सगळ्यांतून दहाव्या पिढीपर्यंत दहाच पुरुष धरते. मुलींच्या जागी ‘कन्या’ एवढा शब्द किंवा काहीच नसते, आणि लग्नात स्त्रीचे नाव-आडनाव दोन्ही बदलत असल्याने तिचा माहेरचा धागा तिथेच तुटतो. तो पुन्हा जोडायचा तर श्राद्धातली मातामह-मातामहीची नावे, १९५६ च्या वारसा कायद्यानंतरचे फेरफार, ‘इतर हक्क’ रकान्यातली मुलींची नावे आणि त्यांनी भावांना लिहून दिलेली हक्कसोडपत्रे पाहावीत. भावांसाठी हक्क सोडण्याच्या कागदावरच बहिणींची नावे टिकून राहिली आहेत. नवी वंशावळ लिहिणाऱ्याने सुनांची माहेरची नावे-गावे आणि मुलींच्या शाखा सुरुवातीपासूनच लिहाव्यात. आजी-पणजीच्या माहेरची माहिती विचारायला घरातली वयस्कर माणसे आहेत तोवरच हे काम सोपे आहे.